प्रार्थनेचा विषय

८ नोव्हेंबर, शुक्रवार

बुसानच्या हॉस्पिटलमधून फोन आला. माझं यकृत अप्पांना बसतं. रक्तगट, रक्तवाहिन्यांची मांडणी, आकारमान, सगळं मर्यादेत आहे. प्रत्यारोपण विभागाच्या परिचारिका बॅक बाई हे अशा आवाजात बोलल्या, की अभिनंदन करावं की सांत्वन, हे त्यांचं ठरलेलं नसावं.

मी जहाजाच्या पत्र्यांचे जोड तपासते. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या जोडात आत पोकळी असेल, तर ध्वनिलहरी पडद्यावर ती दाखवतात. मग प्रश्न सोपा असतो: चालेल, किंवा कापा. आज तसं काही सुचलं नाही.

अप्पांना जुनी ‘ब’ काविळीची लागण आहे. यकृत आक्रसलं, आता त्यात गाठ आहे. दुसरं यकृत मिळालं नाही तर वसंत ऋतू दिसणं अवघड, असं डॉक्टर म्हणाले. बंदरावर सगळे म्हणतात दारूने झालं. अप्पांनी ते कधी खोडून काढलं नाही.

बॅक बाईंनी फोन ठेवण्याआधी एक गोष्ट सांगितली. "ग्युरी-जी, मनात नसेल तर फक्त मला सांगा. कधीही, अगदी ऑपरेशनच्या दारातसुद्धा. घरच्यांना आम्ही सांगतो की तपासणीत जुळलं नाही. तुमचं ‘नाही’ कुणालाही कळत नाही."

मी आभार मानले. अजून ‘नाही’ म्हटलेलं नाही. ‘हो’ही नाही.

नोंदीसाठी: आई आजारी होती तेव्हा मी बारा वर्षांची होते. अप्पा लांब पल्ल्याच्या बोटीवर इंजिनवाले म्हणून निघून गेले. आई गेली, आणि ते दोन महिन्यांनी परतले. मी चिडलेली नाही. एवढंच झालं होतं.

१० नोव्हेंबर

उपासनेनंतर ओक मावशींकडे जेवले. चर्चच्या मंडळीत त्यांना मोठा मान आहे. सगळे त्यांना पदवीने हाक मारतात. मी एकटी मावशी म्हणते, कारण आई गेल्यावर ते दोन महिने मी त्यांच्याच घरी राहिले होते.

कालवांचा भात होता. कालवं त्यांनीच फोडलेली. शेडमध्ये दिवसभर उभं राहून त्यांची बोटं मीठ लागल्यासारखी पांढरी पडली आहेत. काकांचा विषय निघाला. तेही यकृतानेच गेले, सहा वर्षं झाली.

"आमच्या दोंग-सूने स्वतःहून तपासणी केली होती हं," मावशी म्हणाल्या. "पण रक्तवाहिन्यांची मांडणी जुळली नाही. पोरगा ढसाढसा रडला. त्यानंतर इथे मन लागेना त्याचं, म्हणून तर कॅनडाला गेला."

दोंग-सू नवीन वर्षाला फोन करतो.

मग मी माझं सांगितलं. ठरत नाही म्हणाले. अप्पांना बघितलं की मला आईच्या खोलीतला रिकामा स्टूल दिसतो, हेही बोलून गेले. ते बोलायची गरज नव्हती. आणि बॅक बाईंनी दिलेली सवलतही सांगितली.

"म्हणजे घरच्यांना खोटं सांगतात?"

"कारण देतात मावशी. रक्तवाहिन्यांची मांडणी जुळत नाही, असं काहीतरी."

त्यांचा डाव पातेल्यातच थांबला. "हेच शब्द?"

"ठरलेले असतील."

"सगळ्या हॉस्पिटलांत?"

"बहुतेक. पद्धत चांगली आहे. दात्यावर दबाव येत नाही."

त्यानंतर मावशी वाढायचंच विसरल्या. भात मीच वाढून घेतला. थंडीत उभं राहून दमल्या असणार. निघताना मी म्हणाले, "हे तुमच्या-माझ्यात."

"तुझ्या-माझ्यात आणि देवात," त्या म्हणाल्या आणि माझा मफलर नीट केला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मंडळीतल्या बायकांची घरसभा यांग बाईंकडे. हिवाळाभर बायबलमधल्या संदेष्ट्यांची चरित्रं घ्यायचं ठरलं आहे. प्रत्येकाने एक संदेष्टा वाचून त्यातून आपल्यासाठी काय धडे आहेत ते सांगायचे. एलिया यांग बाईंनी आधीच पटकावला.

"आकाशातून अग्नी, कावळे, रथ! मला जोरदारच पाहिजे बाई. ग्युरी, तुला काय ठेवलंय बघ. हा बिननावाचा."

राजे, पहिलं पुस्तक, तेरावा अध्याय. यहूदाहून बेथेलला आलेला एक देवाचा माणूस, ज्याचं नाव शास्त्रात दिलेलं नाही.

"याला सिंहाने मारलं ना? लग्नाच्या वयाच्या मुलीला सिंह कशाला?" यांग बाई म्हणाल्या.

"नवरा मिळत नाही तर निदान सिंह मिळू दे," दुसरी कुणीतरी म्हणाली. सगळ्या हसल्या. मावशी हसल्या नाहीत. आजकाल त्या पहाटेच्या प्रार्थनेनंतरही चर्चमध्ये थांबतात, असं ऐकलं.

२० नोव्हेंबर

अध्याय वाचला. इतका साधा आहे की त्रास होतो.

देवाने त्या माणसाला स्पष्ट सांगितलं होतं: तिथे खाऊ नको, पिऊ नको, गेलास त्या वाटेने परतू नको. राजाने जेवायला बोलावलं. तो नाही म्हणाला. परत निघाला, झाडाखाली बसला. तिथे एक म्हातारा संदेष्टा आला आणि म्हणाला, मीही तुझ्यासारखाच आहे, देवदूताने मला सांगितलं, तुला घरी घेऊन जायला. हे खोटं होतं. तरुण माणूस गेला, जेवला, आणि वाटेत सिंहाने त्याला मारलं.

राजाला नाही म्हणता येतं. आपल्यातल्याला येत नाही. एवढंच टिपण काढलं.

दुपारी अप्पांच्या गॅरेजवर गेले. डोळ्यांचा पिवळेपणा वाढला आहे. एका बोटीचं इंजिन उघडून बसले होते.

"जेवलात का?"

"हो." (नव्हते जेवले. स्टोव्ह थंड होता.)

"इंजिनाला काय झालंय?"

"मालकाला झालंय. तेल बदलत नाही, आणि म्हणतो इंजिन म्हातारं झालं." त्यांनी पाना बाजूला ठेवला. "तुझ्या बोटांना भाजलंय."

वेल्डिंगची ठिणगी उडाली होती, आठवड्यापूर्वी. भाजलेलं माझ्या लक्षातही नव्हतं. त्यांनी दिवा जवळ ओढून बघितलं, मलमाची डबी दिली, परत इंजिनात डोकं घातलं. मी घरी आले आणि ठरवलं. देणार. सोमवारी बॅक बाईंना कळवेन, मग अप्पांना मी स्वतः सांगेन. आधी कुणालाच नाही.

हे लिहिताना एकही शब्द खोडला नाही. नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज मंडळीच्या अंगणात वर्षाची किमची घातली. मी नेहमीसारखी कोबीच्या पानांना मसाला चोळायला बसले. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल. यांग बाईंनी एका पानात ताजं कालव गुंडाळलं आणि माझ्या तोंडासमोर धरलं.

"आ कर. मोठा घास घे. यकृत काढून द्यायचं म्हणजे अंगात ताकद नको?"

मी तोंड उघडलेलं होतं, म्हणून तो घास आत गेला. चावला. गिळला. मग विचारलं, "कुणी सांगितलं?"

"अगं, लपवतेस काय? बुधवारी पाळकांनी विषय दिला ना प्रार्थनेला. नाव नाही घेतलं हं! आपली एक बहीण, जहाजाच्या कारखान्यात आहे, वडिलांना यकृत द्यायला तिचं मन घट्ट झालंय, ते मऊ व्हावं म्हणून. सगळ्यांनी मोठ्याने केली प्रार्थना. मी तर रडले."

कारखान्यात काम करणारी मंडळीत मी एकटी आहे.

मग बाकीच्या उठल्या. लाल हातमोजे घातलेल्या बायकांनी मला एकेक करून मिठी मारली. माझ्या स्वेटरवर त्यांचे हात उमटले. घाबरू नकोस. देव करवून घेईल. मुलीचा जन्म कशासाठी असतो. एकीने सांगितलं की तिच्या नवऱ्याने बंदरावर अप्पांना धीर दिला, म्हणाला, काळजी करू नका, आम्ही सगळे मुलीसाठी प्रार्थना करतोय, वळेल ती.

मावशी हौदापाशी कोबी धूत होत्या. मी गेले.

"तुमच्या-माझ्यात होतं."

"मी नाव नाही घेतलं."

"मावशी."

"प्रार्थनेचा विषय होता, ग्युरी. चुगली नाही केली मी. पहाटे गुडघ्यावर होते, तेव्हा मला देवाचं वचन मिळालं, की हे झाकून ठेवू नकोस. झाकलेलं सडतं." त्यांचा आवाज चढला. "तुम्ही पोरं त्या कागदामागे लपता! डॉक्टर म्हणाले, डॉक्टर म्हणाले! आणि म्हातारं माणूस मरतं, आणि शेवटपर्यंत पोरालाच धीर देत मरतं!"

मी सांगितलं की मी कुठल्याही कागदामागे लपलेले नाही, आणि अप्पा अजून मेलेले नाहीत. त्या कशाबद्दल एवढ्या चिडल्या होत्या ते कळलं नाही. चूक त्यांची होती.

माझा ‘हो’ बुधवारचा. दुपारचा. त्यांची प्रार्थना बुधवारी संध्याकाळची. हे मला सिद्ध करता येणार नाही, आणि कुणाला सिद्ध करून हवंही नाही. आता मी हो म्हणाले तर ते त्यांचं. नाही म्हणाले तर मी घट्ट मनाची.

बारा वर्षांच्या मुलीला या बाईने अंघोळ घातली होती. हे का लिहिलं, माहीत नाही.

२५ नोव्हेंबर

बॅक बाईंना मी फोन करण्याआधी त्यांचाच आला. अप्पांनी स्वतः कळवलं आहे: मुलीचं यकृत घेणार नाही. कारण दिलेलं नाही. घेणाऱ्याची संमती नसेल तर फाईल बंद होते.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

घरसभेला जाणार नव्हते. पण पाळी माझी होती, आणि तयारी करून न जाणं मला जमत नाही.

मी अध्याय वाचला आणि धडे सांगितले. जे देवाने तुम्हाला स्वतःला सांगितलं आहे, ते दुसऱ्याच्या देवदूताकडून तपासून घेऊ नये. मोह शत्रूच्या राजवाड्यातच भेटतो असं नाही. दमून बसलेल्या माणसाला तो आपल्याच माणसाच्या तोंडून, जेवणाचं आमंत्रण होऊन भेटतो. आणि ज्याने खोटं सांगितलं त्याला सिंहाने खाल्लं नाही. शिक्षा ज्याने विश्वास ठेवला त्यालाच झाली. यातून काय शिकायचं, ते मला माहीत नाही, म्हणून मी सांगत नाही.

यांग बाई म्हणाल्या, "म्हणजे वडीलधाऱ्यांचं ऐकायचंच नाही का? बाई, हा धडा माझ्या सुनेसमोर नको देऊस."

कुणी हसलं नाही. मावशी शास्त्रातच बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याने नंतर त्याला आपल्या कबरीत ठेवलं. हाय माझ्या भावा, म्हणून रडला. मुलांना म्हणाला, मी मेलो की मला याच्याशेजारी पुरा."

"हो. मेल्यावर," मी म्हणाले.

"त्याची मुलं बेथेलमध्ये काय घडलं ते सगळं येऊन बापाला सांगायची." त्यांचं बोट त्या ओळीवर होतं. "खरं खरं सांगायची. नशीब त्या म्हाताऱ्याचं."

हा मुद्दा अध्यायाच्या मुख्य अर्थात बसत नाही. पण आहे त्या ओळीत, हे खरं.

शेवटी सगळ्यांनी डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना केली. माझं नाव तीन-चार तोंडांतून ऐकू आलं. मी डोळे उघडे ठेवले.

३ डिसेंबर

अप्पांच्या गॅरेजवर गेले. दार ओढून घेतलं.

"का नाही म्हणालात?"

"माझं पोट, माझी मर्जी."

"अप्पा."

"ऐक. बंदरावर जो तो येतो आणि माझ्या खांद्यावर हात ठेवतो. सगळी मंडळी तुझं पोट कापलं जावं म्हणून देवाच्या पाठी लागलीय. मी म्हटलं, पोरीच्या बाजूने कुणीच नाही? मग मीच बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, बाबा रे, तुला मी ओळखत नाही, पण तिला सोड."

मी पाण्याची किटली स्टोव्हवर ठेवली. काहीतरी करायला हवं होतं.

"तुझ्या आईच्या वेळी मी घाबरून पळालो," ते म्हणाले. "कामासाठी नाही गेलो. लोकांना तसं सांगतो. पळालेल्या माणसाने पोरीचं यकृत घ्यायचं, हे बरं दिसत नाही."

"मी हो म्हणणार होते. किमचीच्या आधीच ठरलं होतं. तुम्ही मलम दिलंत त्या दिवशी."

"मलमासाठी यकृत? महाग पडलं."

"मस्करी नको. ते माझं होतं अप्पा. त्यांनी ते घेतलं. आता मी दिलं तरी त्यांनीच दिल्यासारखं होईल. पाळक व्यासपीठावरून सांगतील, बघा प्रार्थनेचं फळ. आणि तुम्ही नाही म्हणालात, म्हणजे तेही त्यांनी केलं. तुम्हाला मारतायत ते."

अप्पांनी बराच वेळ हात पुसले. मग त्यांच्या तोंडावर तो भाव आला, जो गिऱ्हाइकाकडून जुना पंप पदरात पाडताना येतो.

"चोरीला गेलेला माल चौकीवर जाऊन परत मिळतो का? नाही. चोरूनच आणावा लागतो. सांग त्यांना, बसत नाही म्हणून. आपण गुपचूप बुसानला जाऊ."

"म्हणजे तुम्ही घेणार?"

"एवढी रडतेयस, तर नाही कसं म्हणू?"

मी रडत नव्हते. किटलीची वाफ होती.

११ डिसेंबर

बुसान. अप्पांनी संमती लिहून दिली, फाईल पुन्हा उघडली. हॉस्पिटलच्या समाजसेविकेने मला एकटीला बसवून विचारलं: कुणाचा दबाव आहे का?

मी म्हणाले, आहे. अख्ख्या मंडळीचा.

तिने पेन खाली ठेवलं. "मग परवानगी देता येणार नाही."

"त्यांना आम्ही सांगतोय की जुळलं नाही. त्यांच्यासाठी हे घडणारच नाही. मग उरतो तो दबाव कुणाचा?"

तिने फाईलचं मागचं पान उघडलं. "आणि वडील काय म्हणाले होते?"

"नको म्हणाले होते. सगळ्यांत ते एकटेच."

तिने लिहायला घेतलं. आठवड्याने परवानगी येईल म्हणाली.

१८ डिसेंबर

परवानगी आली. कारखान्यात रजा घेतली, कारण घरगुती.

संध्याकाळी मावशींकडे गेले. इतरांना यांग बाईंमार्फत कळेल. मावशींना मी तोंडाने सांगायचं ठरवलं होतं. का, त्याला तसं कारण नव्हतं. त्या बोटांना तेल चोळत बसल्या होत्या.

"मावशी, शेवटच्या तपासणीत जुळलं नाही. रक्तवाहिन्यांची मांडणी."

त्यांनी वर बघितलं. मला वाटलं, आता खोटं उघडं पडणार. मी पुढची तांत्रिक वाक्यं पाठ करून गेले होते, ती लागलीच नाहीत.

"बरं," त्या म्हणाल्या.

मग उठल्या, तेलकट हातांनी माझा चेहरा धरला. त्यांची हनुवटी हलत होती. "बरं बाळा. नाही जुळलं तर नाही जुळलं. भीती वाटली म्हणून कुणी आपलं पोर टाकतं का? मी काही विचारणार नाही. कधीच नाही विचारणार. फक्त फोन करत जा रे. नुसतं जेवलो म्हणून सांगायला कर."

मी शेजारच्या गल्लीत राहते. फोन कधीच करत नाही. मला ‘रे’ का म्हणाल्या, तेही कळलं नाही. मी हो म्हणाले. त्यांनी मला जेवायला वाढलं, सगळी मोठी कालवं माझ्याच वाडग्यात. मी खाल्ली. त्यांनी माझा विश्वास मोडला होता, मी त्यांच्या घरी बसून त्यांच्याशी खोटं बोलले. बरोबरी झाल्यासारखं वाटायला हवं होतं.

२२ डिसेंबर

पाळकांनी आज कठोर हृदयावर उपदेश केला. नाव घेतलं नाही. जेवणाच्या वेळी यांग बाई दुसऱ्या टेबलावर बसल्या. एका बाईने माझ्या नजरेला नजर न देता सूप वाढलं, त्यात शेवया कमी होत्या.

हे सगळं नंतर कळेलच त्यांना. अप्पा बंदरावर चालताना दिसले की. तोवर त्यांची प्रार्थना दुसऱ्या कुणासाठी चालू झालेली असेल. मला एवढंच हवं आहे.

६ जानेवारी

बुसान. उद्या सकाळी. आधी मला नेतील, मग अप्पांना.

दुपारी त्यांच्या खोलीत बसले. खिडकीतून बंदर दिसतं. ते इथल्या क्रेनना नावं ठेवत होते.

"आज तिकडे कुणी प्रार्थना करतंय का गं?"

"माझ्या घट्ट मनासाठी करत असतील. यकृताचा विषय बंद झाला."

"आणि माझी प्रार्थना हरली, म्हणून मी गप्प आहे. म्हणजे आज आपल्यासाठी कुणीच नाही."

"कुणीच नाही."

"शांत वाटतंय," ते म्हणाले. पण माझा हात धरला होता, तो सोडला नाही.

मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. आपल्या खोलीत परत येऊन, गुडघ्यावर नाही, खाटेवर बसून. शब्द जुळले नाहीत. मला प्रार्थना मावशींनी शिकवली. आईच्या मातीनंतर, त्यांच्या खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर, एका पांघरुणात. त्या एक ओळ म्हणायच्या, मी मागून म्हणायचे. पहिली ओळ दुसऱ्या कुणी म्हटल्याशिवाय मला अजून सुरुवात करता येत नाही, हे आज लक्षात आलं.

मावशी इथे हव्या आहेत. हे खरं आहे, म्हणून लिहिते. मी त्यांना क्षमा केलेली नाही. तेही खरं आहे. फोन केला तर पहिल्या बसने येतील, अंगावरचं कालवांचं पाणी न पुसता. आणि बसमध्ये चढायच्या आधी कुणातरी एकाला सांगतील, त्याने प्रार्थना करावी म्हणून.

फोन बंद केला आणि बॅक बाईंच्या हातात दिला.